रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घरी घालायची का? ‘सिस्टर, घाला की’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

जांबोटी_सिस्टर

नमस्कार. मी जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) केलेली नर्स. माहेर चंदगड तालुक्यात, शिक्षण महाराष्ट्रात, सासर खानापूर तालुक्यात. पहिली नोंदणी महाराष्ट्राच्या कौन्सिलची, लग्नानंतर एनओसी काढून कर्नाटकाची करून घेतली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो. दिवसा खानापुरात एका छोट्या नर्सिंग होमला ड्युटी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जवळपासच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या लोकांचं बघते. ड्रेसिंग, लघवीची नळी, आरटी फीड (रायल्स ट्यूबमधून पातळ अन्न देणं), असलं.

त्यातलेच एक गुरुजी. मराठी शाळेतून रिटायर झालेले, आता पॅरालिसिस. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळता येत नाही. शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. बेळगावातल्या एका हॉस्पिटलातून नाकात १६ नंबरची नळी घालून घरी पाठवलं. डिस्चार्ज कार्डावर काय, तर ‘आरटी फीड २०० एमएल दर २ तासांनी’. बस्स. नळी कुठल्या तारखेला घातली, नाकाशी कितीच्या खुणेवर आहे, निघाली तर काय करायचं, एक अक्षर नाही. कार्ड इंग्रजीत, सूचनांचा छापील कागद कन्नडमध्ये, आणि घरात वाचणारे सगळे मराठीवाले. मुलानं कशाकशावर सह्या केल्या ते त्यालाच ठाऊक नाही.

परवा सकाळी इन्सुलिन देऊन झालं आणि फीड लावायच्या आत गुरुजींनी डाव्या हातानं नळी ओढून काढली. उजवा हात चालत नाही म्हणून घरचे निर्धास्त, डाव्या हाताकडं कोण बघतंय! मी पोचले तेव्हा मुलगा डॉक्टरांशी स्पीकरवर बोलत होता. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर आहेत न्हवं तिथं? मग घाला की. त्यांना सवय आहे.”

सवय आहेच. उसाच्या फडातलं औषध प्यालेल्यांचं पोट धुवायला नळी घातलीय, ऑपरेशननंतर पोट फुगलेल्यांना घातलीय. खरं वॉर्डात पलीकडच्या खोलीत एक्स-रे आहे, सक्शन आहे, ऑक्सिजन आहे, हाक मारली की डॉक्टर आहे. गुरुजींच्या घरी माझ्याजवळ एक स्टेथो, एक ५० एमएलची सिरिंज, आणि खाटेभोवती उभी असलेली सगळी भावकी.

मी घातली नाही. शुगर बघितली, ती उतरायला लागली होती. डॉक्टरांना आकडा सांगितल्यावर त्यांचाही सूर बदलला, म्हणाले लगेच आणा. खानापुरात आणून सलाईन लावलं, मग मीच नळी घातली, एक्स-रे काढला, डॉक्टरांनी बघितला आणि फीड सुरू केलं. संध्याकाळी घरी. गाडीभाडं आणि एक्स-रेचा खर्च बघून घरच्यांचं तोंड वाकडं. “शेजारच्या गावातली सिस्टर घरातच घालते, दोन मिनिटांत. हवा मारते आन् पोटाला कान लावून बघते.” ती सिस्टर एएनएम (सहाय्यक नर्स-मिडवाइफ) आहे. त्यांना हा फरक सांगून काय उपयोग? पांढरा ॲप्रन घातला की सगळ्या सिस्टरच.

आता मला विचारायचं ते हे. नाकातून नळी घालणं आम्हा जीएनएमच्या कामात बसतं का, आणि घरी घातली तरी बसतं का? फोनवरच्या तोंडी ऑर्डरला काही अर्थ आहे का? उद्या काही झालं तर जबाबदार कोण, डॉक्टर, मी, की मुलगा? आणि ती एएनएम मैत्रीण करते ते चालतं का? मी उगाच भित्री ठरते की बरोबर आहे, हे ज्यांनी हे काम केलंय त्यांनीच सांगा. ‘काळजी घ्या, देवावर विश्वास ठेवा’ असल्या प्रतिक्रिया कृपा करून नकोत.

मिरजेची_जुनी_इनचार्ज

पोरी, भित्री बित्री काही नाहीस. मी आयसीयूत आयुष्य काढलंय, आता रिटायर आहे, त्यामुळं कुणाची भीडभाड न ठेवता लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत. नळी घालणं नर्सच्या कामात बसतं. नळी नेमकी पोटात आहे याची खात्री न करता फीड सुरू करणं कुणाच्याच कामात बसत नाही, डॉक्टरच्याही नाही. लोकांचं सगळं लक्ष ‘घालायला येतं का’ यावर. अगं, घालायला दोन मिनिटं लागतात, हे तुझ्या गुरुजींच्या घरच्यांचं बरोबरच आहे. त्यापुढची वीस मिनिटं ते मोजत नाहीत.

पॅरालिसिसच्या पेशंटमध्ये धोका कुठं आहे ते बघ. धडधाकट माणसाच्या श्वासनळीत नळी गेली तर तो खोकून खोकून लाल होतो, नळी आपोआप बाहेर येते. ज्याचं गिळणं गेलंय त्याचा खोकलाही बऱ्याचदा गेलेला असतो. नळी सरळ उजव्या फुप्फुसात उतरते, पेशंट शांत पडून, आणि सिस्टर म्हणते किती छान गेली! मग त्यात २०० एमएल पेज. पुढचं सांगायला नको.

आता ती हवा मारायची परीक्षा. आमच्या काळात आम्हाला तीच शिकवली, मीही वर्षानुवर्षं तीच केली, कारण दुसरं कुणी सांगितलं नव्हतं. सिरिंजनं हवा मारायची, पोटावर स्टेथो ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की झालं. नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी तो आवाज पोटावर ऐकू येतो. चाळीतल्या भिंतीला कान लावून रेडिओ कुणाच्या खोलीत वाजतोय ते सांगण्यातला प्रकार. इंग्लंडमध्ये २००५ सालीच तिथल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेनं या परीक्षेवर विसंबू नका म्हणून इशारा काढला, २०११ ला परत काढला. चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून फीड दिलं जाणं हे तिथं ‘कधीच घडता कामा नये’ अशा घटनांच्या यादीत आहे. आपल्याकडं अजून स्टेथो चालूच आहे. पाण्याच्या वाटीत नळीचं टोक बुडवून बुडबुडे बघायचे, तेही तसलंच. सोडून दे.

मग चालतं काय? पहिली पसंती, नळीतून सिरिंजनं ओढून काढलेल्या द्रवाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त). पीएचची पट्टी ५.५ किंवा त्याखाली दाखवत असेल तर नळी फुप्फुसात नाही असं धरता येतं. निळा-लाल लिटमस कागद नको, त्यात आकडा कळत नाही. द्रव आलाच नाही किंवा आकडा वर गेला, तर एक्स-रे, आणि तो वाचणारा डॉक्टर. एक्स-रेत नळी मधोमध खाली येऊन, श्वासनळीचे फाटे फुटतात तिथं कुठल्याही फाट्यात न वळता, सरळ छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली गेलेली दिसली पाहिजे.

द्रव येत नसला तर लगेच हार मानू नकोस. पेशंटला डाव्या कुशीवर कर, १०-२० एमएल हवा मार (नळीचं तोंड मोकळं करायला, ऐकायला नाही!), पंधरा मिनिटं ते अर्धा तास थांब, मग परत ओढ. पुष्कळदा येतो.

घालताना काय करायचं ते तुला येतंय, तरी वाचणाऱ्या पोरींसाठी थोडं लिहिते. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजायचं, खूण करायची. पेशंटला उंच बसवायचं. नळी घशाशी पोचली की हनुवटी छातीला टेकवायची. मान मागं टाकलीत तर तुम्हीच श्वासनळीचा दरवाजा उघडून देताय. गिळता येत नाही त्याला पाण्याचा घोट द्यायचा नाही, कोरडंच गिळायला सांगायचं. खोकला आला, ओठ निळे झाले, आवाज बसला की बाहेर. जोर लावायचा नाही. शेवटी टॉर्चनं तोंडात बघायचं, कधीकधी नळी घशात वेटोळं घालून बसलेली असते आणि आपण बाहेर डायनाप्लास्टची चिकटपट्टी लावून मोकळे.

आणि कुणाला नाकातून घालायचीच नाही हे तर पाठ पाहिजे. आपला पुणे-बेंगळुरू हायवे आहे, निपाणीपासून काकतीपर्यंत हेल्मेट न घातलेली पोरं रोज पडतात. डोक्याला मार, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय, डोळ्याभोवती काळं, तर कवटीचा तळ फुटलेला असू शकतो. नाकातून नळी मेंदूत जाते, खरंच जाते. संडास साफ करायचं ॲसिड प्यालेल्याला, अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्याला आपण आपल्या हातानं घालायची नाही. अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या असतील (दारूनं लिव्हर गेलेले) तर डॉक्टरला समोर उभं करायचं. तिथं कुणी ‘घाला की’ म्हणालं तर म्हणावं, या की तुम्हीच.

डॉ_निपाणी

इनचार्ज बाईंचं वैद्यकीयदृष्ट्या सगळं बरोबर आहे. पण मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो, माझी बाजूही ऐका.

प्रत्येक वेळी नळी निघाली की एक्स-रे म्हणालात तर कणकुंबीकडच्या पेशंटला भर पावसात गाडीत घालून आणायचं. म्हातारा माणूस, पाठीला जखम, रस्त्याची ही कथा. त्या प्रवासातही धोका आहे. पीएच म्हणता, पण मी पाठवलेल्या जवळजवळ प्रत्येक पॅरालिसिस पेशंटला पॅन्टोप्राझोल चालू असतं. पोटातलं ॲसिडच कमी केलेलं, आकडा ५.५ च्या वर जाणारच. मग परत एक्स-रे. म्हणजे फिरून तिथंच.

आणि फोनवर मी ‘घाला’ म्हणतो तेव्हा समोर कोण आहे ते ओळखून म्हणतो. मला सिस्टरच्या हातावर विश्वास असतो म्हणून म्हणतो. तो अपमान समजू नका.

इन्सुलिनचं मात्र सिस्टरनं अचूक पकडलं. एक वेळचं फीड चुकलं तर काही बिघडत नाही, रात्रभर नळी नसली तरी सकाळपर्यंत माणूस थांबू शकतो. पण इन्सुलिन टोचलंय आणि पोटात काही जाणार नाही, ही इमर्जन्सी. फिटच्या गोळीचंही तसंच. घरच्यांना एवढं जरी शिकवलं की नळी जागेवर आहे हे बघितल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही, तरी अर्धी धावपळ वाचेल.

येळ्ळूरचा_पोरगा

मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही. आईला नळी होती, घरी सगळं मीच केलं म्हणून लिहितोय.

आम्हाला डिस्चार्जच्या वेळी एका ब्रदरनं वॉर्डातच दोन वेळा माझ्याकडून फीड करवून घेतलं, मगच सोडलं. त्यानं नळीवर नाकापाशी मार्कर पेननं रेघ मारून दिली होती. रोज सकाळी आणि प्रत्येक फीडच्या आधी ती रेघ बघायची. रेघ सरकली असली तर काही घालायचं नाही, फोन करायचा. डोक्याकडची बाजू उंच करायची, फीडनंतर तासभर झोपवायचं नाही, फीडच्या आधी आणि नंतर ३० एमएल पाणी. सिरिंजचा दांडा काढून वरून ओतायचं, आपसूक जाईल तेवढंच, दांड्यानं ढकलायचं नाही. नाचणीची आंबील मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून घेतली तरच जाते, नाहीतर नळी तुंबते आणि मग परत तीच शोभा.

नळी निघाली तर मी स्वतः घालायचा प्रयत्न करू का, असं मी त्याला विचारलं होतं. ब्रदर म्हणाला, “तुम्ही फीड करायचं. घालायचं काम आमचं.” मला ते पटलं. जांबोटीच्या सिस्टरांनी गुरुजींच्या मुलाला हे असं शिकवून ठेवलं तर ते चिडणार नाहीत असं वाटतंय.

ट्यूटर_टिळकवाडी

मी नर्सिंग कॉलेजमध्ये शिकवते. कायद्याच्या बाजूचं लिहिते, कारण त्याबद्दल आपल्याकडे ऐकीव माहिती फार.

परिचारिकेने कुठली कामे करावीत याची एकेक कामाची यादी आपल्या कायद्यात नाही. १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांच्यासाठी होता. त्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. त्यामुळे ‘कक्षेत बसतं का’ हे तीन ठिकाणी बघावं लागतं. तुम्हाला ते शिकवलं होतं का, तुमच्या संस्थेने ते करायची परवानगी दिली आहे का, आणि या पेशंटसाठी ऑर्डर आहे का. नाकातून नळी घालणे आणि नळीतून अन्न देणे जीएनएम आणि बीएस्सी दोन्हीकडे प्रात्यक्षिकात आहे. म्हणजे पहिली अट पूर्ण.

दुसरी अट लोक विसरतात. एनएबीएच हे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन घेतलेल्या हॉस्पिटलला कुठल्या सिस्टरला कुठली कामे करायची मुभा आहे हे लिहून ठेवावं लागतं. लहान नर्सिंग होमनेही एका पानावर लिहून मेट्रन आणि डॉक्टरांच्या सह्यांनी फाईलला लावावं. कुणी अडवलेलं नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. नर्सिंग होमच्या ड्युटीवर असताना तुमच्या हातून काही झालं तर संस्थाही उत्तरदायी असते. पण संध्याकाळी तुम्ही स्वतःच्या नावाने घरोघर जाता, पैसे स्वतः घेता, तेव्हा तुमच्या मागे संस्था नाही. हा फरक फार मोठा आहे, आणि होम केअर करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थिनी तो लक्षातच घेत नाहीत. प्रोफेशनल इंडेम्निटीचा (कामातल्या चुकीबद्दल भरपाई मागितली गेली तर उपयोगी पडणारा) विमा परिचारिकांनाही मिळतो, चौकशी करा.

फोनवरची ऑर्डर इमर्जन्सीत घेता येते. घेताना ती परत वाचून दाखवायची, वेळ आणि डॉक्टरचं नाव नोंदवायचं, आणि नंतर सही घ्यायची. ‘त्यांना सवय आहे’ ही ऑर्डर होत नाही.

एएनएमबद्दल: त्यांचं दोन वर्षांचं शिक्षण मुख्यतः माता-बालआरोग्य आणि गावपातळीवरच्या सेवेसाठी आखलेलं आहे. गिळणं गेलेल्या प्रौढ पेशंटला घरी एकटीने नळी घालणं त्या शिक्षणाच्या आधारावर कुणी समर्थनीय ठरवेल असं मला वाटत नाही. त्या मैत्रिणीला दोष न देता सांगा. तिलाही कुणीतरी ‘घाला की’ म्हणालेलं असणार.

जांबोटी_सिस्टर

सगळ्यांचे आभार. येळ्ळूरच्या दादांची रेघ मी काल संध्याकाळीच मारून आले. गुरुजींच्या मुलाला मराठीत मोठ्या अक्षरांत कागद लिहून दिला, खाटेच्या वर भिंतीला चिकटवला. डाव्या हाताला मऊ कापडाचा मोजा शिवून घालायचं ठरलंय, हात बांधायचा नाही म्हणून मी आधीच सांगितलं.

डॉक्टरसाहेब, विश्वासाबद्दल म्हणालात ते मनाला लागलं, चांगल्या अर्थानं. खरं माझ्या हातावरचा तुमचा विश्वास नळीच्या टोकापर्यंत पोचत नाही न्हवं. ते टोक कुठं गेलंय ते मलाही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. गुरुजींना पॅन्टोप्राझोलची गोळी कुटून नळीतून द्यायलेत. ती गोळी वरून लेप असलेली आहे न्हवं? कुटली की लेप गेला. मग तिचा उपयोग तरी काय होतोय?

दुसरं, घरचे आता विचारतायत, पोटातून नळी बसवतात ती बसवली तर? ती निघाली तर सिस्टर घालेल का?

डॉ_निपाणी

गोळीचं बरोबर पकडलंत. ती आतड्यात विरघळायला बनवलेली असते. कुटली की पोटातल्या ॲसिडनंच ती निकामी होते, वर नळीत चिकटते ती वेगळीच. गुरुजींना ती लागतेय का हेच आधी बघायला हवं. अल्सर नाही, रक्तस्राव नाही, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या एकदम चालू नाहीत, तर मी बंद करीन. लागत असलीच तर नळीतून देता येईल असा प्रकार लिहून देईन. तोपर्यंत पीएच बघायचा तर पुढच्या डोसच्या अगदी आधी आणि शेवटच्या फीडनंतर निदान तासाभरानं बघा, त्या वेळी आकडा खाली येण्याची शक्यता जास्त.

मिरजेची_जुनी_इनचार्ज

पोटातल्या नळीचं सांगते. ती पेग. दुर्बिणीतून घालतात, १९८० पासूनची पद्धत. घालायचं काम पोटाच्या डॉक्टरचं किंवा सर्जनचं, तिथं नर्सनं मदत करायची आणि नंतरची निगा ठेवायची. नाकातली नळी चार आठवड्यांच्या पुढं लागणार असं दिसलं की पेगचा विचार करतात, त्यामुळं घरच्यांचा प्रश्न शहाणपणाचा आहे. नाकाला जखम नाही, ओढून काढणं कमी, गुरुजींना आरशात स्वतःचं तोंडही मोकळं दिसेल.

निघाली तर काय, याचं उत्तर ती कधी बसवली त्यावर. पहिल्या महिन्याभरात पोट आणि कातडी यांच्यातली वाट पक्की झालेली नसते. त्यात कुणीही, मी म्हणते कुणीही, आंधळेपणानं परत नळी घालायची नाही. ती पोटाच्या बाहेर पोकळीत जाते आणि फीड तिकडं सांडतं. भोकावर स्वच्छ गॉज ठेवून सरळ हॉस्पिटल. वाट जुनी, पक्की झालेली असेल तर उलट घाई असते, काही तासांत ती मिटायला लागते. अशा वेळी शिकलेली सिस्टर फुग्याची (आत फुगा फुगवून अडकवलेली) नळी बदलू शकते, पण लेखी परवानगी आणि प्रत्यक्ष देखरेखीखाली करून दाखवलेलं असेल तरच. फीड परत खात्री झाल्यावरच. तू ते शिकलेली नसशील तर आत्ता ‘नाही’ म्हण आणि ज्या हॉस्पिटलात पेग घालतील तिथं जाऊन शिकून घे.

आणि डॉक्टरसाहेब, पावसातल्या गाडीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच तर म्हणते, कार्डावर आधीच लिहून द्या. नळी निघाली की मध्यरात्री फोनवर ठरवायची वेळ येऊ नये.

जांबोटी_सिस्टर

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यातून मी ऑर्डरचा मसुदा केलाय. उद्या गुरुजींच्या डॉक्टरांकडं सहीला नेणार. वाचून चुका सांगा.

‘नाकातील नळी, १६ नंबर, घातल्याची तारीख अमुक, नाकपुडीशी खूण अमुक सेंमी. नळी निघाल्यास नोंदणीकृत जीएनएम सिस्टरने, नाका-डोक्याला नवीन इजा नसल्यास, दोनदाच प्रयत्न करावा. द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी आल्यास खूण नोंदवून फीड सुरू करावे. द्रव न आल्यास किंवा पीएच जास्त आल्यास फीड, पाणी, औषध काहीही न देता एक्स-रेसाठी आणावे. श्वास लागल्यास किंवा खोकला आल्यास नळी ताबडतोब काढावी. रात्री निघाल्यास सकाळपर्यंत थांबण्यास हरकत नाही. इन्सुलिन दिलेले असल्यास शुगर तपासून लगेच कळवावे.’

पीएचच्या पट्ट्या खानापुरात मिळाल्या नाहीत. दुकानदारानं लघवी तपासायच्या पट्ट्या काढून दिल्या. त्यावरही पीएचचा चौकोन असतो, खरं तो ५ पासून सुरू होतो आणि मधले टप्पे नीट कळत नाहीत, म्हणून परत केल्या. बेळगावात सर्जिकलच्या दुकानातून ० ते ६ पर्यंतच्या, अर्ध्या-अर्ध्या आकड्याच्या मागवायला सांगितल्यात. कुणाला आणखी कुठं मिळत असतील तर कळवा.

डॉ_निपाणी

मसुदा चांगला आहे. मी माझ्या पेशंटसाठी वापरणार, परवानगी गृहीत धरतो. दोन बदल. इन्सुलिनचं वाक्य सगळ्यात वर घ्या, घाबरलेला माणूस कागदाची पहिली ओळच वाचतो. आणि ‘रात्री थांबण्यास हरकत नाही’ याच्यापुढे ‘फिटची गोळी चालू नसल्यास’ एवढं जोडा. चालू असेल तर रात्रीसुद्धा फोन करायचा, मी उचलतो.